दोन गुण

कुलाब्याच्या रात्रशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
साडेसातच्या तासाला आम्ही एक जुनी समुद्रकथा वाचतो.
धडा सातवा.
डोलकाठी मोडलेलं गलबत, एकटा म्हातारा खलाशी
आणि एकच वाक्य, पुन्हा पुन्हा:
त्याने वल्हे मारले.
मी मोजलंय. सतरा वेळा.

गाईडात उत्तर तयार आहे:
'पुनरुक्तीमुळे खलाशाची चिकाटी प्रत्ययास येते.'
दोन गुण.
बारा वर्षं हेच फळ्यावर लिहितेय
आणि खडू दरवर्षी 'प्रत्ययास'पाशीच मोडतो.

हरेश्वर मागच्या बाकावर. अंगाला बर्फाचा वास.
बर्फाला वास नसतो म्हणता?
त्याच्या शर्टाशेजारी बसून बघा:
भुसा, गोणपाट, अमोनिया, थोडी सुरमई.
ससून डॉकला तो पहाटे लाद्या फोडतो.
म्हणाला, "बाई, ही पुनरुक्ती नाय."
"मग?"
"पहिलं वल्हं खांद्यानं मारतात.
पाचवं पाठीनं.
दहाव्यानंतर कशानं मारतो
ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
शब्द तोच राहिला, कारण लिहिणारा होडीत नव्हता.
नायतर होता,
आणि त्याच्याकडे दुसरा शब्द उरला नव्हता."

वर्गात पंखा तेवढा बोलत होता.
मी उगाचच हात झटकले.

मग उपमा. 'समुद्र आईसारखा.'
देवकाबाई पागधरे, वय अठ्ठेचाळीस,
कोळंबी सोलून सोलून बोटांची टोकं खारानं खाल्लेली,
पेन धरतात सुरीसारखं. त्या म्हणाल्या,
"आईसारखा कशाला?
दर्या दर्यासारखा.
आईला हिशेब विचारता येतो."
कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.
व्याकरणात याला अनन्वय म्हणतात,
हे मी सांगणार होते. नाही सांगितलं.
त्यांनी वहीत 'उपमा'खाली रेघ मारली,
मागच्या तीन पानांवर उमटली.

उरलं प्रतीक.
ढग फाटतात, तारा दिसतो, म्हातारा हात जोडतो.
"तारा कशाचं प्रतीक?"
"श्रद्धेचं!" सगळे एका सुरात. गाईड सगळ्यांकडे आहे.
हरेश्वरनं हात वर केला, खाली घेतला, परत वर केला.
"तारा दिसल्यावर हात कुणीपण जोडील, बाई.
आमच्या धक्क्यावरनं होडी निघते ना,
तिच्या पोटात आधी बर्फ भरतात.
चार टन, सहा टन. उधारीवर.
मासळी अजून पाण्यात. कुठल्या पाण्यात, कुणास ठाऊक,
हाय का नाय तेपण,
आणि तिच्यासाठी गादी घालायची, थंडगार.
मागल्या खेपेचा बर्फ
नुसतं पाणी होऊन परत आलेला असतो.
तोच तांडेल दुसऱ्या पहाटे येतो
आणि म्हणतो, भर.
लेखकानं तारा घातला.
बर्फ घालायला विसरला."

घंटा झाली. कुणी उठलं नाही लगेच.

सहामाहीत हाच प्रश्न आला.
हरेश्वरच्या पेपरात, गोल, सांभाळून काढलेल्या अक्षरात:
'तारा हे श्रद्धेचे प्रतीक आहे.'
बर्फाचा थेंबही नाही.
मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं.
दोनपैकी दोन दिले
आणि लाल पेन बराच वेळ उघडंच राहिलं.

नोव्हेंबरात बोर्डाचे फॉर्म आले.
इंग्रजीत तीनदा बुडालेला तो टेबलाशी उभा,
मुठीत मुकादमाकडून उचललेल्या नोटा,
जराशा ओल्या.
कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं, "परत?"
हरेश्वर माझ्याकडे वळला.
"भरू का, बाई?"

खिडकीतून डॉकच्या बाजूचा वारा येत होता,
कागद उडत होते, मी त्यांवर डस्टर ठेवलं.

"भर," मी म्हटलं.